तेविसावी चौकट

कुताइसीतल्या आमच्या औषधाच्या दुकानात,
गल्ल्याच्या वर, ओनिसेचा तो फोटो
कॅलेंडरातून कापून मी चिकटवलेला:
रिओनी नदी, झुलता पूल, सात बदकं,
आणि घागरा गुडघ्याशी धरून
पाण्यात उभी एक पोर.
तिच्या गालावरचा उजेड असा
की गिऱ्हाइकं सुट्टे घ्यायचे विसरत.

मला तोच काढायचा होता.
तसा नव्हे. तोच.

मामाचा झेनित मागून आणला,
थंडीत त्याचा पडदा अडकायचा.
न्हाणीच्या खिडकीला घोंगडी ठोकली,
खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत
डेव्हलपर भरून ठेवला.
भाऊ दार बडवायचा.
थांब रे, मी ओरडायचे, अजून चार मिनिटं!

वर्षभर दर रविवारी त्या पुलाशी.
तीच वेळ, अकराचं छिद्र, साठाव्या हिश्शाचा वेग.
कधी आभाळ जळून पांढरंफटक,
कधी सगळी नदी राखेसारखी.
एकदा फिल्म गुंतलीच नव्हती चाकात,
आणि मी दिवसभर
मोठ्या भक्तीने काहीच टिपत नव्हते.
बदकं मात्र मला ओळखू लागली.

मग तिब्लिसीत, एका संग्रहातल्या बाईंनी
पांढरे हातमोजे देऊन समोर ठेवली
त्या दिवसाची कॉन्टॅक्ट शीट.
छत्तीस चौकटी, काडेपेटीच्या छापाएवढ्या.
मला वाटायचं, थोरांना एकदाच दिसतं आणि पुरतं.
पहिलीत पूल वाकडा.
चौथीत त्याचाच अंगठा.
नवव्यापासून पंधराव्यापर्यंत पोर दातओठ खात उभी.
तेविसावीभोवती लाल पेन्सिल.
आणि त्यापुढे आणखी तेरा!
म्हणजे मिळालं, हे त्यालाही
कळलं नव्हतं तिथे, पाण्यापाशी.
परतीच्या गाडीत मी हसत होते एकटीच.
शेजारच्या म्हाताऱ्याने मला सोललेलं संत्रं दिलं.

पुढच्या रविवारी कॅमेरा पिशवीतच ठेवला
आणि पुलापलीकडच्या घरांत विचारत गेले.
त्सिआला. नावाचा अर्थ लुकलुक.
अंगणात हेझलनट निवडत बसलेली,
बोटं काळी, कानाला रुमाल.
तो माणूस होय, म्हणाली.
मार्च होता, गोगो. पाय लाकूड झाले.
पाच वेळा बदकं हाकलायला लावली,
पाच वेळा परत आणायला.
फोटो धाडतो म्हणाला.
अठ्ठेचाळीस वर्षं झाली.
ती बादली उचल आधी.

बादली उचलली. मग दुसरी.
तोवर उजेड डोंगरामागे गेला होता.

संग्रहाकडून प्रत मागवली, पूर्ण, न कापलेली,
आणि एका रविवारी तिच्या हातात दिली.
आता चेहरा पाहील, मी वाट बघत होते.
तिने चष्मा पुसला
आणि बोट ठेवलं खालच्या कोपऱ्यावर,
जो कॅलेंडरवाल्याने छाटला होता
आणि मला भिंगातूनही दिसला नव्हता:
काठावरच्या दगडावर एक बुटांचा जोड.
आईचे, ती म्हणाली.
मोठे व्हायचे मला. आत चिंध्या कोंबायचे.
पुढे बराच वेळ काही बोलली नाही.

दारात उभी होती, प्रत उजेडाकडे धरून.
मी गळ्यातल्या कॅमेऱ्याला हात लावला,
काढला, पुन्हा लावला.
काढू का, विचारलं.
काढ, म्हणाली. पण आज पाण्यात नाही.

चारच काढले. तिसऱ्याला पडदा अडकला.
वहीत छिद्र आणि वेग लिहायच्या आधी
तिचा पत्ता लिहिला, पिनकोडासकट.

आता न्हाणीत लाल दिवा.
ट्रेमध्ये आधी काळं उगवतं:
दाराची चौकट, मग रुमालाची गाठ,
मग नखांतलं टरफल.
चेहरा सगळ्यात शेवटी येईल.
भाऊ दार बडवतोय.
थांब रे.
अजून एक प्रत काढायचीय.